विहाराचं बटण

आमच्या उंद्रीच्या विहारात बुद्धपौर्णिमेच्या रोषणाईचं बटण आमच्याच घरचं माणूस दाबत आलं. माझे यजमान किसनराव कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. वीज बनवणारा माणूस म्हणून तो मान त्यांचा. ते गेले तेव्हापासून, नऊ वर्षं, माझा.

यंदा समितीने शेजारच्या शालूबाईच्या नातीला, पायलला, त्या मानासाठी बोलावलं. पायल गॅसच्या वीजकेंद्रात इंजिनिअर आहे. तिथल्या टर्बाइनमध्ये आता गॅसात हायड्रोजन मिसळून जाळून पाहतात.

"हायड्रोजनचा धूरच नाही व सिंधू," शालूबाई कुंपणावरून सांगायची. "जळला का नुसती वाफ. नाहीतर तू. किसनरावचे कपडे धूऊन धूऊन हाताची सालं निघत तुह्या."

खरं होतं, म्हणूनच लागलं. ते काळं पाणी मी किती मिजाशीत अंगणाबाहेर ओतायची, हे तिला काय ठाऊक?

पौर्णिमेच्या सकाळी पायल जय भीम करायला आली. मी किसनरावांची निळी काच काढून ठेवली होती. ती डोळ्यापुढे धरून ते भट्टीतली ज्योत पाहत आणि कोळसा नीट जळतो की नाही ते सांगत.

"घे. कामी पडंल तुले."

तिने काच फिरवून पाहिली. "आजी, हायड्रोजनची ज्योत उजेडात डोळ्याले दिसतच नाही. आमी डोळ्यावर भरोसा ठेवत नाही, मीटर पाहतो."

काच तिने माझ्या हातात परत दिली. जपून दिली, पण परतच दिली.

दुपारी विहारात कोणी नव्हतं. मी गेले आणि बटण दाबलं. भर उन्हात छतावरच्या माळा पेटलेल्या कोणाला दिसणार? अंधारेल तसे दिवे आपोआप दिसू लागतील, पायलला दाबायला काही उरणार नाही, असा माझा हिशेब.

पाचला लोक जमले तेव्हा ऊन होतंच. पायल आली ती सवयीने आधी विहाराच्या विजेच्या मीटरपाशी. त्यावरचा लाल ठिपका भराभर लुकलुकत होता, म्हणजे वीज जळत होती. तिने वर माळांकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय झालं व?" शालूबाईने विचारलं.

"काही नाही आजी. पाहून राह्यले नुसती." आणि तिने बटण हळूच बंद केलं.

दिवस मावळल्यावर तिने ते सर्वांसमोर दाबलं. विहार उजळला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"कशी हाय मायी नात?" शालूबाई कानाशी लागली.

"चांगली हाय," मी म्हणाले.

पायल सांगू शकली असती. चारचौघांत माझी शोभा झाली असती, पण मग मला तिचा राग तरी धरता आला असता. तेवढंही तिने माझ्याकडे ठेवलं नाही.