कुलपाचं झाकण

अण्णांचा कोणावरच विश्वास नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. उभी नोकरी त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. तिथे माणूस साहेब असो की झाडूवाला, बाहेर पडताना अण्णा त्याला जेवणाचा डबा उघडून दाखवायला लावत. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा साखरेच्या डब्याला कुलूप लागलं, सायकलला दोन लागली, आणि नदीच्या धक्क्यावरची माणसं त्यांना पाठीमागे कुलूपअण्णा म्हणू लागली. हे अण्णांच्या कानावर आलं होतं. त्यात खटकण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक रुंद बुडाची होडी घेतली आणि तिच्या मागे लावायला एक म्हातारी टू-स्ट्रोक मोटर. नदीचं पात्र तिथे चांगलंच रुंद, पूल पार लांब, त्यामुळे या काठाची माणसं त्या काठाला पोचवण्याचा धंदा बरा चालायचा. अण्णांचे गुडघे कुरकुरायला लागलेले, म्हणून होडी चालवायचा जावई. अण्णा धक्क्यावर खुर्ची टाकून तिकिटं फाडायचे आणि जावयावर डोळा ठेवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी एकुलती एक. ती नजरेआड होऊ नये म्हणून जावयाने आपल्याच घरी राहायचं, ही अट लग्नाच्या वेळी अण्णांनीच घातली होती. तरी घरजावई म्हणून त्याला टोमणे मारायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणावर सोडलं नव्हतं.

संशय सुरू झाला तो टाकीवरून. होडीत एक लाल पत्र्याची टाकी होती. तिच्यातून निघालेली नळी मोटरीत जायची आणि नळीच्या मध्यावर एक रबरी फुगा होता. तो हाताने दाबत राहायचं, पेट्रोल पुढे सरकून फुगा कडक झाला की दोरी ओढायची, मोटर सुरू. तर एके दिवशी संध्याकाळपर्यंत पुरणारी टाकी दुपारीच संपली. त्या दिवशी वारा उलटा होता आणि होडी माणसांनी खच्चून भरलेली होती, पण अण्णांच्या हिशेबात वाऱ्याला जागा नव्हती. माल कमी झाला म्हणजे कोणीतरी उचलला. आजवर त्यांनी याखेरीज दुसरं कारण पाहिलंच नव्हतं.

त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो. भंगारवाल्याकडे जाऊन त्यांनी एका जुन्या ट्रकच्या टाकीचं कुलपाचं झाकण शोधून काढलं. खाली जाड रबराची चकती कापून घातली आणि ते असं घट्ट बसवलं की थेंब काय, पेट्रोलचा वाससुद्धा बाहेर येऊ नये. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली. जुनं झाकण घरी ट्रंकेत गेलं, कारण अण्णा काहीच टाकून देत नसत.

जावयाने सकाळी ते कुलूप पाहिलं. क्षणभर थबकला आणि म्हणाला, "बरं केलंत, मामा."

बरं केलंत म्हणतोय, म्हणजे झोंबलंय, असं अण्णांनी मनात धरलं.

आणि लगेच मोटरीने नखरे सुरू केले. धक्क्यावरून झोकात निघायची, पात्राच्या मध्याला वाळूचा उंचवटा आहे तिथवर जायची, मग तिचा आवाज खाली यायचा, दोन उचक्या द्यायची आणि गप्प. जावई फुगा दाबायचा, दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा आणि शेवटी वल्हं मारत होडी परत आणायचा. अण्णा तरातरा उतरून यायचे, कुलूप उघडायचे, आत काठी बुडवून पाहायचे. पेट्रोल काठोकाठ. झाकण परत लावलं, कुलूप घातलं, दोन-तीनदा दोरी ओढली की मोटर सुरू.

"माझा हात लागला की बरी चालते ती," अण्णा उतारूंसमोर मोठ्याने म्हणायचे.

एकदा जावई धीर करून बोलला. "मामा, बंद पडते तेव्हा हा फुगा चपटा झालेला असतो. मोटर पेट्रोल मागते, पण मागून येत नाही. आणि गंमत म्हणजे टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते. अर्धी असली की जास्त वेळ चालते. आपण रोज अर्धीच भरली तर?"

अण्णांनी कान टवकारले. अशी भाषा त्यांनी जन्मभर ऐकली होती. "आणि उरलेली अर्धी कुठे ठेवायची, जावईबापू? तुमच्याकडे?"

जावयाचा चेहरा लालभडक झाला. त्यानंतर त्याने मोटरीविषयी चकार शब्द काढला नाही, आणि त्याच्या गप्प राहण्याचाही अण्णांना संशय आला.

शेवटी मोटर उतरवून मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला, बारीक भोकं फुंकून साफ केली, पेट्रोलच्या पंपातला जुनाट पडदा बदलला, गाळणी बदलली. मग मोटर पाण्याच्या पिंपावर टांगली, आपल्या डब्यातलं पेट्रोल जोडलं आणि दोरी ओढली. मोटर दुपारभर एका सुरात गुरगुरत राहिली.

"मोटर ठणठणीत आहे, अण्णा," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "उद्या टाकी आणा, नळीसकट. ती पण बघून घेतो."

"टाकीत काय बघायचंय? टाकीला काय यंत्र असतं?"

"आणा तर खरं."

अण्णा तिथून उठले ते वैतागूनच. जावयाला अर्धी टाकी हवी होती, याला पुरी हवी. जो तो आपल्या पेट्रोलवर टपून बसलाय! टाकी काही त्यांनी नेली नाही.

मोटर पुन्हा होडीला लागली आणि पुन्हा त्या उंचवट्याशी बंद पडली. पण आता एक नवीनच प्रकार अण्णांच्या नजरेत भरला. जावई वल्हं मारत परत येईना. मोटर थांबली की तो धक्क्याकडे पाठ करून खाली वाकायचा, काहीतरी खुडबुड करायचा, आणि थोड्या वेळाने मोटर सुरू होऊन होडी पलीकडे निघून जायची. अण्णा खुर्चीवर उभे राहून पाहायचे, तरी त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही. किल्ली आपल्या गळ्यात, मग हा तिथे उघडतो काय? याने दुसरी किल्ली करून घेतली, या विचाराने अण्णांची झोप उडाली.

एका संध्याकाळी जावई अंघोळीला गेला तेव्हा त्यांनी खुंटीवरची त्याची कापडी पिशवी काढली. फडक्यात गुंडाळलेली एक सरबताची बाटली निघाली. बूच काढून वास घेतला. पेट्रोल, आणि तेही ऑइल मिसळलेलं, मोटरीत घालतात तसं. अण्णांना खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना आनंद झाला, कारण इतके दिवस आपण बरोबर होतो.

जेवायला बसल्यावर त्यांनी ती बाटली मधोमध ठेवली. "हे काय?"

"पेट्रोल," जावई म्हणाला.

"कोणाचं?"

"माझं. पंपावरून आणलंय."

"होडी माझी, मोटर माझी, आणि पेट्रोल तेवढं तुमचं? मी स्टोअरमध्ये केस पांढरे केलेत, जावईबापू. मला शिकवू नका."

जावई काही बोलणार होता. तेवढ्यात मुलीने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तो थांबला. अण्णांनी तो हात पाहिला. म्हणजे हिलाही सगळं माहीत आहे, दोघं सामील आहेत, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

"उद्यापासून होडीला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"नाही लावणार," मुलगी म्हणाली. "आणि परवा आम्ही पलीकडे राहायला जातो. मी नोकरी करते त्या दवाखान्याच्या मागे एक खोली रिकामी आहे. मी केव्हाच बघून ठेवलीय, अण्णा. नुसतं बोलवत नव्हतं."

रागात आहे, उद्या शांत होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गुडघ्यांना शिव्या देत स्वतः होडीत चढले. टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं, फुगा दाबला, दोरी ओढली. आज जावई होडीत नव्हता, त्यामुळे मोटर बंद पडण्याचं काही कारणच नव्हतं. दोन शिक्षक होते आणि मांडीवर कापडाचं गाठोडं घेतलेली एक शिंपीणबाई होती. वाळूच्या उंचवट्याशी मोटरीचा आवाज खाली आला. तिने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली.

अण्णांनी आधी शिक्षकांकडे रोखून पाहिलं. मग शिंपीणबाईकडे.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "मी शिवायचं मशीन चालवते, हे नाही."

अण्णा वाकले. फुगा पिळलेल्या लिंबासारखा चपटा झाला होता. टाकीकडे पाहिलं तर तिचं पोटही खपाटीला गेलेलं, दोन्ही बाजूंचे पत्रे आत ओढल्यासारखे. हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण दर वेळी ते कुलूप उघडून आतला माल मोजायच्या घाईत असत. आताही किल्ली लावून त्यांनी झाकण फिरवलं. सूंऽऽ असा लांब आवाज झाला, पत्रे डबडब करत जागेवर आले, आणि पायाशी तो फुगा आपोआप फुगायला लागला.

तो सूंऽऽ आवाज त्यांनी याआधीही ऐकला होता. कोंडलेला वास बाहेर पडतो, म्हणजे झाकण फक्कड बसलंय, असं समजून खूशही झाले होते. आज त्यांनी झाकण पुन्हा घट्ट लावून मोटर चालवली. ती बंद पडल्यावर तळहात टाकीच्या तोंडावर धरून झाकण हळूच सरकवलं. हात आत ओढला गेला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती.

"अण्णा, पोचवताय की इथेच मुक्काम?" शिंपीणबाईने विचारलं.

त्यांना ऐकू आलं नाही. पेट्रोल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. आपण झाकण असं बसवलं की हवेलाही वाट राहिली नाही, मग मोटरीने ओढून ओढून ओढायचं तरी काय? भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ती लवकर अडायची. अर्धी रिकामी असली की आतल्या हवेवर थोडी जास्त चालायची. जावई खरं तेच सांगत होता. आणि ती बाटली? नळी टाकीवरून काढून उघड्या बाटलीत सोडली की मोटर चालणारच. तो स्वतःच्या पैशांचं पेट्रोल जाळून अण्णांची माणसं पलीकडे पोचवत होता.

झाकण नुसतं वर टेकवून ठेवलं, तर मोटर पलीकडे जाऊन परतही आली. अण्णा लंगडत लंगडत घरी पोचले ते सांगायच्या घाईत. आपण शोध लावलाय, तो ऐकून दोघं चकित होतील, सगळं मिटेल, असं त्यांना वाटत होतं. घरात जावई गादीची वळकटी बांधत होता आणि मुलगी भांडी कागदात गुंडाळत होती.

"झाकणामुळे होतं!" अण्णा दारातूनच म्हणाले. "हवा जात नव्हती आत. झाकण सैल केलं की झालं!"

कोणीच चकित झालं नाही. जावयाने वळकटीची गाठ आवळली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" अण्णांनी विचारलं.

"लवकरच कळलं होतं, मामा."

"मग बोलला का नाहीत?"

उत्तर मुलीने दिलं. "काय बोलायचं होतं, अण्णा? कुलूप काढा म्हणून? टाकी अर्धी भरू म्हणाले, तर तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना? मीच यांना म्हटलं, झाकणाचं नावसुद्धा काढू नका. कुलूप काढा म्हणणारा तोच चोर, असंच म्हणाल तुम्ही."

हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, अण्णांनी म्हटलं असतं. त्यांनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली जावयापुढे धरली.

"राहू द्या तुमच्याकडेच," जावई म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच अण्णांना जास्त लागलं. "किल्ली माझ्याकडे आली आणि एखाद्या दिवशी वारा उलटा असला, टाकी लवकर संपली, तर?"

सकाळी सामान होडीत चढलं. वळकटी, भांड्यांची पेटी, मुलीची बॅग. अण्णांनी ट्रंकेतलं जुनं झाकण शोधून टाकीला लावलं. त्याच्या मधोमध टाचणीएवढं भोक होतं, आता ते त्यांना स्पष्ट दिसलं. जावई मोटरीशी बसायला पुढे झाला, पण अण्णा म्हणाले, "मीच नेतो," आणि स्वतः मोटरीशी बसले. मुलगी त्यांच्याकडे तोंड करून बसली होती आणि पाण्याकडे बघत होती.

वाळूचा उंचवटा जवळ आला तशी अण्णांनी कान दिला. इथेच नेहमी तिचा आवाज खाली यायचा. इथेच दोन उचक्या द्यायची. त्यांनी हळूच फुग्याला हात लावला, तो टणक होता. आज बंद पडावी, निदान थोडा वेळ इथेच अडकून राहावं, असं त्यांना मनापासून वाटलं. उंचवटा मागे गेला. मोटर एकदाही अडखळली नाही आणि होडी पलीकडच्या काठाला लागली.