टॅन्सीच्या पोटातलं तळं

मंगळवारी सकाळी सहा चाळीसला टॅन्सी घोडीच्या डाव्या बरगड्यांवर सोनोग्राफीचं यंत्र टेकलं आणि पडद्यावर एक काळं, गोल तळं उमटलं. चौदा सेंटीमीटर रुंद. आत पांढरे ठिपके बर्फासारखे संथ तरंगत होते.

तिची मालकीण डॅग्नी टोलेफसन बघतच राहिली. बाहेर मोंटानाच्या कुरणांवर जूनचं धुकं होतं. गवताच्या गंजी त्यात अधांतरी लटकल्यासारख्या दिसत होत्या. महिनाभर घोडी वाळत चालली होती, ताप येई, जाई. बावीस वर्षांची घोडी, वयच झालं, असं डॅग्नीनं धरलं होतं.

"प्लीहेत गळू झालंय. पू भरलाय," जनावरांची डॉक्टर कोरा पेरिन म्हणाली. हिला खायला काय घालता, असं तिनं विचारलं.

दात झिजलेत, म्हणून गाईंच्या टोपल्यातलीच काकवी घातलेली कुट्टी, डॅग्नीनं सांगितलं. इथं गवताचे गठ्ठे तारेनं बांधतात. तुकडे कुट्टीत जातात. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण प्रत्येक गाईच्या पोटात लोहचुंबक सोडलेलं असतं, तार त्याला चिकटून बसते. घोडी तर ओठांनी काडी न् काडी निवडून खाते. पण काकवीत भिजलेलं ती काय निवडणार? एखादा तुकडा जठरातून शेजारच्या प्लीहेत शिरला असावा.

"चुंबक गाईला दिलंत, डॅग्नीबाई, आणि गाईचं जेवण घोडीला."

"मग एक मलाही दे. डोक्यात बसवते."

विद्यापीठाच्या दवाखान्यात बरगडी कापून प्लीहा काढता येते. पण सहा तासांचा प्रवास घोडी सोसेल याची हमी कोरा देईना. नाहीतर सहा आठवडे रोज दोन इंजेक्शनं. तेवढ्यात गळू आत फुटलं, तर सगळं संपलं.

"तुझी असती तर?"

"माझी नाहीये ती. माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

टॅन्सी डॅग्नीच्या खांद्यावर हनुवटी टेकून पेंगत होती. तिचा गरम श्वास मानेवर येत-जात होता. डॅग्नीला वाटलं, आपण तिघी त्या काळ्या पाण्याच्या काठावर उभ्या आहोत आणि ते हलू नये म्हणून इतकं हळू बोलतोय.

"इथंच राहू दे," ती म्हणाली.

एकोणिसाव्या दिवशी गळू चौदावरून अकरा सेंटीमीटरवर आलं. विसाव्या दिवशी दुपारी, आठवडाभर नसलेला ताप एकशे तीनवर गेला. कोरा निघाली आहे. पोचायला चाळीस मिनिटं लागतील. घोडी अजून उभी आहे.