वार्निशचे दोन हात

रूपरावजींना भांडायला माणूस हवा होता. हसू नका. हिंगणघाटात ज्याचा पंपांचा कारखाना, विद्यापीठात ज्याच्या नावाची अख्खी प्रयोगशाळा, त्या माणसाला वर्षभरात कोणी एकदासुद्धा "तुमचं चुकलं" म्हटलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. अल्लीपूरचा हा आठवी पास गडी. सत्तर सालापुढे गावोगाव वीज आली, मोटारी आल्या आणि धडाधड जळायलाही लागल्या, तेव्हा त्याने साध्या मराठीत पुस्तक लिहिलं: मोटार कशी खोलावी, तार कशी गुंडाळावी. मिस्त्र्यांनी ते डोक्यावर घेतलं. लिहिताना बायको, भागीरथाबाई, ओळ न ओळ ऐकायची आणि म्हणायची, "मलेच नाई समजलं, तं लोकाईले काय समजन?" मग पुन्हा लिहायचं. ब्याऐंशी साली ती गेली. घर इतकं गप्प झालं, की रूपरावजी रेडिओला उत्तरं देऊ लागले.

म्हणून तर विद्यापीठाला प्रयोगशाळेसाठी ते दान. लोकांना वाटलं, म्हातारा पुण्य जोडतो आहे. कसलं पुण्य नि कसलं काय! पोरांत बसायला मिळेल, ती दोन गोष्टी विचारतील, दोनदा खोडून काढतील, एवढीच आस. पण दर गुरुवारी ते गेले की वर्ग उभा राहायचा, हार यायचा, प्राध्यापक खडू खाली ठेवून "दोन शब्द बोला" म्हणायचे. एकदा त्यांनी मुद्दाम तारा चुकीच्या जोडल्या. मोटार नुसती घूं घूं करत राहिली, फिरली नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि तीच जोडणी वहीत उतरवून घेतली! "अरे, मी चुकवली," रूपरावजी म्हणाले. सगळे खदाखदा हसले, साहेब किती विनोदी म्हणून. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतः बांधलेली अर्ध्या हॉर्सपॉवरची एक जुनी, जळकी मोटार पोत्यात घातली, ड्रायव्हरला गाडीसकट आर्वीत थांबवलं आणि एसटीने तळेगावात उतरले. तिथं त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. रस्त्याकडेला कवडू मिस्त्रीचं दुकान होतं, तिथं पोतं उतरवलं.

कवडूने मोटार खोलली आणि कपाळावर हात मारला. "कोन्या गाढवानं बांधली हे? काकाजी, तुमाले पानी ओढाचं होतं का घर जाळाचं होतं?"

लोकांच्या अंगावर स्तुतीने मूठभर मांस चढतं, रूपरावजींच्या अंगावर या शिवीने चढलं. ते स्टूल ओढून बसले. नाव विचारलं, तर 'बापूराव' सांगून मोकळे झाले. मग तारेच्या जाडीवरून जुंपली, वेढ्यांवरून जुंपली. कवडू दोनदा "मधात बोलू नका" म्हणाला, एकदा तर त्याने त्यांच्या हातातला पाना हिसकून घेतला. भागीरथाबाई गेल्यापासून इतका सुखाचा दिवस आला नव्हता.

शेवटी गाडी गुंडाळलेल्या तारेवर द्यायच्या वार्निशवर आली.

"तीन हात दे," रूपरावजी म्हणाले.

"दोन."

"अरे, आपल्याकडच्या उन्हात दोन नाई टिकत. मी सांगून राह्यलो ना!"

आता मात्र कवडू भडकला. फळीवरून त्याने एक तेलकट, पुठ्ठा उडालेलं पुस्तक काढलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं. "वाचा! रूपरावजीनं दोन लिवले हायेत. तुमी काय त्याईच्यापेक्षा शायने? देवमानूस हाये तो. समोर आला ना, तं मी तोंड नाई उघडाचा त्याच्यापुढं!"

रूपरावजी पानाकडे पाहत राहिले. दोन त्यांनीच लिहिले होते, आणि ते कमी पडतात हे पुढे कारखान्यात कळलं होतं. मोटार जळत नाही, चार वर्षं कमी टिकते इतकंच. नाव सांगायचा अवकाश, वाद तिथल्या तिथे जिंकला असता. आणि कवडू ताडकन उठला असता, फडक्याने स्टूल पुसलं असतं, हात जोडून उभा राहिला असता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पुस्तकाचा राग आला.

"दोन तं दोन," ते म्हणाले. "माह्यंच चुकलं, बाप्पा."

"आता कसं!" कवडू खुलला. "बसा, चहा सांगतो. अन् पुढच्या गुरुवारी मोटार न्याले येजा, पन असं डोकं नका खाऊ माह्यं."

"खाईन," रूपरावजी म्हणाले, आणि चहाची वाट पाहत बसून राहिले.