ओकच्या पोटातला पाव

ग्रीसकडच्या कार्योव्रिसी गावाच्या डोक्यावर एक ओढा होता. ओढ्यापलीकडे झरा, झऱ्याच्या वर एक जुना ओक, त्याच्या वर विधवा हायदोचं एकटं घर आणि घराच्याही वर डोंगराची धार. ग्रीस आणि अल्बेनियाची सरहद्द यातल्या कुठल्या जागेवरून जाणार, ते आज ठरायचं होतं.

परदेशी अधिकारी नकाशा घेऊन आला होता. ओढा हीच सरहद्द धरली, तर झरा पलीकडे जाणार होता. उन्हाळ्यात ओढा आटतो, म्हणजे गावाला प्यायला थेंब उरला नसता. धार धरली, तर झराही वाचत होता आणि हायदोचं घरही. जमिनीचा कागद दोन्ही बाजूंकडे नव्हता.

"आमची वेस झाडांनी आखलेली आहे, साहेब," गावप्रमुख थीमिओस दुभाष्याकडे बघत म्हणाला. "पणजोबांच्या काळी साथ आली, तेव्हा पाद्री मिरवणुकीने गावाभोवती फिरले. मोठ्या झाडांना गिरमिटाने भोक पाडलं, आत मंतरलेला पाव ठेवला, वर मेण लावून क्रूस कोरला. त्या झाडांना आजही कुणी कुऱ्हाड लावत नाही."

पलीकडच्या अल्बेनियन गावचा मुसलमान म्हातारा रुस्तेमआगा हसला. "तुझ्या बकऱ्या माझ्या मक्यात शिरतात, तेव्हा नाही रे तुला वेस आठवत!"

"एक झाड दाखवा," अधिकारी म्हणाला. "एकच."

थीमिओसने थेट धारेकडे बोट केलं. हायदोने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

धारेवरही एक ओक होता आणि त्याच्यावर क्रूस होता खरा, पण तो तिच्या नवऱ्याने, लांब्रोसने कोरला होता. वीज पडून गोठा जळाला, त्या वर्षी. ती तेव्हा तापाने अंथरुणावर होती. गुरांमागे येता-जाता तो क्रूस बघून सगळ्या गावाने तेच वेशीचं झाड धरलं होतं. खरं झाड झऱ्यावरचं. त्याचा क्रूस सालीने केव्हाच गिळला होता. नवी सून म्हणून आली, तेव्हा सासूने तिचं बोट धरून त्या सालीवर टेकवलं होतं, "हे बघ, इथं." ते पाहिलेली बाकीची माणसं लढाईत तरी गेली होती, नाहीतर कामधंद्यासाठी दूर देशी.

सगळे वर चढले. हायदोही धापा टाकत मागे आली. अधिकाऱ्याने क्रूसावरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि नकाशा उघडला. हायदो पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. पेन्सिल कागदाला टेकली की घर वाचलं.

"क्रूस काय, कुणीही कोरील," रुस्तेमआगा म्हणाला. "आमच्यातही पावाची शपथ मोडत नाहीत. आत पाव निघाला, तर इथवर तुमचं. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही निघाला, तर ओढा."

अधिकाऱ्याने पेन्सिल उचलली. "मान्य."

फोटिस पाद्रींनी गिरमिट हातात घेतलं. ते गावात नवे होते. त्यांना काय ठाऊक?

लांब्रोसने आत पाव ठेवला असेल का? त्याच्यापाशी गिरमिट होतं. न सांगता असली कामं करायची त्याला खोडच होती. पाव असेल, तर सगळंच वाचेल. नसेल, तर झरा गेला. खाली ओढ्याच्या काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या आणि वरच बघत होत्या. गिरमिटाचं टोक सालीला लागलं.

"थांबा, पाद्रीबाबा!"

"मावशी, गप्प बस," थीमिओस दातांतल्या दातांत म्हणाला.

"या झाडाचं मला माहीत नाही. खालच्याचं माहीत आहे."

"अगं, खालचं धरलं तर तुझं घर..."

"मला मोजता येतं, थीमिओस. माझं घर कुठे आहे ते मला तू सांगू नकोस."

अधिकाऱ्याने दुभाष्याला दोनदा विचारलं. मग तो खाली उतरू लागला. त्याच्यामागे सगळे.

झऱ्यावरच्या ओकपाशी हायदोने सालीवर तळहात फिरवला, जरा डावीकडे सरकली आणि बोट टेकवलं. पाद्रींनी प्रार्थना पुटपुटत गिरमिट फिरवायला सुरुवात केली. पिवळा भुसा पडू लागला. नुसतं ताजं लाकूड. थीमिओस तिच्याकडे बघेना. पाद्रींच्या कपाळावरून घाम ओघळला, त्यांनी हात बदलला. पुन्हा लाकूड. रुस्तेमआगाने आभाळाकडे पाहिलं.

अचानक गिरमिट सैल झालं. बाहेर आलं, तेव्हा टोकाला काळपट, चिकट मेण होतं. पाद्रींनी भोक रुंद केलं आणि तारेने आतून अक्रोडाएवढा वाळका, काळा गोळा ओढून काढला. रुस्तेमआगाने त्यातला कण चिमटीत घेतला, हुंगला आणि कपाळाला लावला.

"झालं," तो म्हणाला. "झरा तुमचा."

काठावरच्या बायकांनी एकच कल्ला केला. अधिकाऱ्याने ओकमधून रेघ ओढली. मग दुभाषा खालच्या आवाजात हायदोला म्हणाला, "बाई, तुमचं घर पलीकडे गेलं. उद्या शिपाई येतील."

रुस्तेमआगा जवळ आला. "हायदो, घर सोडू नकोस. तुझ्या केसालाही कुणी धक्का लावणार नाही. माझा शब्द."

"तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे, आगा. पण पाणी खाली राहिलं ना! घागरभर पाण्यासाठी रोज शिपायाच्या पाया पडू?"

थीमिओस टोपी हातात घेऊन मातीकडे बघत उभा होता.

"उभा काय राहिलास खांबासारखा?" हायदो म्हणाली. "माझा विणायचा माग चौघांशिवाय उचलत नाही. माणसं घे आणि चल, आजच सगळं खाली गावात आणू. बकऱ्या मी हाकते."

आणि ती चढ चढू लागली.