मनकवडे महाराज आणि नसलेला पोपट

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांत चढून बसली होती. व्यासपीठावर मनकवडे महाराज आणि त्यांच्यासमोर एक कोरीव लाकडी पेटी. पेटीचं झाकण उघडं, पण आतली बाजू महाराजांकडे. आत म्हणे गुरूंनी दिलेला दिव्य आरसा होता. महाराज मान खाली घालून आरशात बघत आणि घनगंभीर आवाजात विचारत, "बाई, घरात शिडीवरून कोण पडलं?"

"अगंबाई! आमचे हे!" बाई रडायच्याच बाकी. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

माझी मोठी बहीण या टाळ्यांत आघाडीवर. ताई कपडे शिवते. उजव्या डोळ्यात काचबिंदू झालेला, शस्त्रक्रियेची तारीखही ठरलेली. पण आदल्या आठवड्यात महाराजांनी तिला पाहताच सांगितलं होतं, "मुली, तुझा उजवा डोळा संकटात आहे. त्याला सुरी लावू नकोस. मी दिलेलं पाणी घाल, पडदा आपोआप विरघळेल." झालं! ताईनं दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

"अरे, मी तोंडही उघडलं नव्हतं," ताई मला म्हणाली. "तरी त्यांना डोळा कळला. उजवा की डावा तेसुद्धा!"

माझं औषधांचं दुकान आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवायची असते, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी माझी बायको, जी शाळेत संगणक शिकवते, तिनं एकच प्रश्न विचारला, "वन्सं, तिथे नंबर कसा लावलात?"

"आदल्या दिवशी मोबाइलवरून नाव पाठवायचं असतं."

बायको हसली. "असं का? मग आम्हालाही घेऊन चला की. मलाही एक दुःख आहे."

त्या दुपारी तिनं महाराजांकडे स्वतःचं नाव पाठवलं, आपल्या समाजमाध्यमाच्या पानावर पोपटाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'राघोबा, तुला जाऊन आज वर्ष झालं. माझ्या खांद्यावर बसून तू शिट्टी वाजवायचास. घर सुनं झालं रे!' मी वाचून गार पडलो. आमच्या घरात पोपट सोडा, साधी पालही टिकत नाही.

तर आता दुसऱ्या दिवशी सभागृहात आमचा नंबर आला. महाराजांनी आरशात पाहिलं, उसासा सोडला. "बाई, तुमच्या खांद्यावर मला एक हिरवा आत्मा दिसतोय."

"काय सांगता!" बायकोनं पदर डोळ्याला लावला.

"शिट्टी वाजवतोय. म्हणतोय, रडू नकोस. मी राघोबा, सुखात आहे."

सभागृह हेलावलं. मी ओठ चावून धरले होते. ताईचा मात्र चेहरा बघण्यासारखा झाला.

"कसला राघोबा?" ती उभीच राहिली. "महाराज, हिच्याकडे पोपट कधी नव्हताच! लग्न झाल्यापासून रोज बघतेय मी हिचं घर."

"मागच्या जन्मी..." महाराज चाचरले. बायकोनं ताईच्या कानात सांगितलं, "वन्सं, तो राघोबा मी काल दुपारी माझ्या पानावर लिहिलाय."

"मागच्या जन्मी की मागच्या दुपारी?" ताई तरातरा व्यासपीठावर चढली आणि सेवक अडवायच्या आत तिनं पेटी लोकांकडे फिरवली. दिव्य आरसा कसला, चांगला मोठा टॅब होता! त्यावर बायकोचं नाव, राघोबाचा फोटो, खाली तो सगळा मजकूर. नंतर कळलं, मागच्या खोलीतला एक पठ्ठ्या लोकांची पानं धुंडाळून एकेक माहिती पुढे सरकवत होता.

"पण माझं खरं सांगितलं होतं त्यांनी!" एक गृहस्थ ओरडले.

बायकोनं त्यांचं नाव विचारलं, स्वतःच्या फोनवर बोटं फिरवली आणि डोळे मिटून बोलली, "बालका, तुझ्या सासूबाईंचा गुडघा दुखतो. तू नवी गाडी घेतलीस आणि पहिल्याच दिवशी फाटकाला ठोकलीस."

"हे... हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्हीच लिहिलंय की! फाटकासकट फोटो आहे."

हास्याचा स्फोट झाला. लोक खिशांतून फोन काढून आपापली पानं तपासू लागले. त्या गडबडीत महाराज मागच्या दारानं पसार झाले.

ताई बाहेर आली. मग म्हणाली, "डोळ्याचं मीच लिहिलं होतं. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, प्रार्थना करा म्हणून." तिथल्या तिथे, रस्त्यातच उभं राहून तिनं दवाखान्याला फोन लावला. शस्त्रक्रिया झाली. होती तेवढी नजर वाचली.

लोकहो, आपण घराला कुलूप लावतो आणि घरातलं सगळं स्वतःच चव्हाट्यावर मांडतो. मग कोणी तेच आपल्याला वाचून दाखवलं की त्याच्या पायावर डोकं ठेवतो. लिहायचं तर जरूर लिहा. पण ते कोणाला दिसतं, हे एकदा तपासा. आणि एखाद्याला तुमच्या मनातलं कळलं, तर हात जोडण्याआधी विचारा, "महाराज, हे तुम्ही कुठे वाचलंत?"