डावा पाय आधी

“आज वाट तुझी. मला नुसतं सामान समज,” असं विल्बर्टमामा सकाळीच म्हणाला आणि शांडीनला आभाळ ठेंगणं झालं! वाकड्या मेंढ्याच्या खडकापर्यंत त्याला सुखरूप नेऊन आणलं, की पुढच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना न्यायला ती एकटी मोकळी. वाटेत मामा चकार शब्द काढणार नव्हता. तशी पैजच लागली होती.

म्हणून तर ती घळीत शिरली तेव्हाही तो बोलला नाही. घळ कसली, लाल खडकाला पडलेली चीर! हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात आणि वर आभाळाची एक चिंधी तेवढी दिसते.

बरंच आत गेल्यावर वाऱ्याची झुळूक आली. गार. ओल्या मातीचा वास घेऊन.

शांडीन गर्रकन वळली. “मामा, पाऊस कुठे पडतोय?”

“नॅव्हाहो डोंगरावर. शिरतानाच ओठांनी दाखवला ना तुला ढग!”

दिने, म्हणजे नॅव्हाहो माणूस बोट रोखत नाही, ओठ पुढे काढून दाखवतो. पण बघणारी नाक वर करून पुढे चाललेली असेल, तर ओठ काय करणार?

“मग बोलायचं की!”

“पैज होती. आणि ढग एवढासा होता गं, मेंढीच्या शेपटीएवढा. मलाही वाटलं, काय होतंय.”

तेवढ्यात वरच्या अंगाने गुरगुर ऐकू आली. चढावर लांब कुठेतरी ट्रक कण्हत असावा तशी. पण इथे ट्रक कुठला? डोंगरावरचं पाणी पूर होऊन घळीत उतरत होतं. मागे पळावं तर घळीचं तोंड फार दूर. भिंती गुळगुळीत, जणू तेल चोळलेल्या. तिची नजर सैरभैर फिरली आणि एका जागी अडकली.

भिंतीत खोबण्या होत्या. पायाची बोटं मावतील एवढ्याच, एकीवर एक, थेट वरपर्यंत. शेकडो वर्षांपूर्वी इथे राहून गेलेल्या जुन्या लोकांनी कोरलेल्या.

“नाही,” मामा म्हणाला. जुन्या लोकांच्या मडक्याचं खापर उचललं म्हणून त्यानेच लहानपणी तिचा कान पिळला होता. “तिथे पाय ठेवायचा नाही. मेलेल्यांची वाट आहे ती.”

“इथे थांबलो तर आपलीपण तीच वाट होईल! आणि आज वाट माझी, तूच म्हणालास.”

उजवा पाय खोबणीत घालून ती सरसर चढली. आणि अर्ध्यावर अडकली! पुढची खोबणी भलत्याच बाजूला. तिथवर पाय पोचवायला तो दुसऱ्या पायाच्या आरपार जायला हवा होता. ती पालीसारखी भिंतीला चिकटून राहिली. खाली तपकिरी फेसाची जीभ काटक्या ढकलत आली आणि मामाच्या बुटांना चाटून गेली.

वर बघ, शांडीन. नीट बघ. वरची खोबणी उजव्या पायाची, म्हणजे आत्ता खाली डावा हवा. सुरुवातच उलटी झाली होती.

उतरायचं? पाण्यात? दुसरा इलाजच नव्हता. ती उतरली तेव्हा पाणी पोटऱ्यांना लागलं.

“मामा, डावा पाय आधी! मी ठेवते तिथेच ठेव!”

ती पुन्हा चढली. या वेळी पाय आपोआप पुढची खोबणी शोधत गेले. वर पोचून तिने वाकून पाहिलं, तर मामा अजून खालीच! भिंतीवर तळवा टेकून पुटपुटत होता, “आम्ही काही नेत नाही. फक्त वर जातोय.”

“मामाऽऽ! नंतर बोल त्यांच्याशी!”

मामाने डावा पाय उचलला. एकेक खोबणी चढत मामा हाताशी आल्याबरोबर तिने त्याची कॉलर धरून ओढली. त्याच क्षणी खाली आख्खं पाणी धडाडत आलं आणि जुनिपरचा एक ओंडका पहिल्या खोबणीवर आदळून फुटला.

दोघं खडकावर उताणे पडून नुसते धापा टाकत राहिले.

“शुद्धीचा विधी करावा लागेल,” मामा शेवटी म्हणाला. “तुझी आजी धुऊन काढेल आपल्याला.”

“खाली धुऊनच निघालो असतो की.”

मामा खोकेपर्यंत हसला. दरीपलीकडे वाकडा मेंढा उन्हात उभा होता, अजून तितकाच लांब.

“मग, शांडीनबाई? वाट तुमची.”

ती उठली. पण निघण्याआधी वळून मामाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने ओठ पुढे काढले, डोंगराच्या दिशेने. तिथे आणखी एक ढग होता, मेंढीच्या शेपटीएवढा.

“दिसला,” ती म्हणाली आणि मेंढ्याकडे पाठ करून घरच्या वाटेला लागली.