मांगं पाहून पड

गादीचा एक टाका तुटला होता आणि तिथून कापसाचा पुंजका बाहेर आला होता, त्यात सरकीचा एक काळा कण... समता तो बोटाने आत ढकलत होती. जायचा, बोट काढलं की पुन्हा डोकवायचा, आणि तिने पुन्हा ढकलायचा – म्हणजे मान वर करायला नको, म्हणजे गादीच्या पलीकडे बसलेल्या मंजुश्रीकडे पाहायला नको. संग्रामपूरच्या या हॉलमध्ये बत्तीस शिक्षक, सोळा गाद्या, आणि जोड्या यादीवरून पाडलेल्या. एका शाळेचे दोघं एका गादीवर. ज्याने कोणी हे ठरवलं त्याचं वाटोळं होवो.

कोलांट्यांचं हे प्रशिक्षण तालुक्याच्या मानगुटीवर कोणामुळे बसलं हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी चहाच्या टेबलाशी समता गेली तेव्हा सगळ्यांनी सरकून जागा दिली होती, जरा जास्तच जागा. गेल्या वर्षी जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात, समताच्या खेळाच्या तासाला, सातवीतली राखी उलटी कोलांटी मारताना मानेवर पडली. दोन महिने गळ्यात पट्टा. आता बरी आहे, हुंदडते, पण डावीकडून कोणी हाक मारली की नुसती मान वळत नाही तिची, सगळं अंगच वळवते. चौकशीच्या वेळी मंजुश्रीने लिहून दिलं – ‘सदर वेळी इंगळे मॅडम मोबाईलवर बोलत होत्या.’ गोल, मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. बोलत होत्या! होतेच मी बोलत. आई खामगावला दवाखान्यात, तिला ऑपरेशनला आत नेलेलं, भाऊ फोनवर रडतोय – आणि मंजुश्रीला ऑपरेशनचं ठाऊक होतं, डबा खाताना मीच तिला सांगितलं होतं. ते नाही लिहिलं बाईने. खरं तेवढंच लिहिलं. खोटं लिहिलं असतं तर झिंज्या उपटून भांडता तरी आलं असतं, खऱ्याशी कुठल्या तोंडाने भांडायचं? समताला लेखी समज मिळाली, खेळाचा तास काढून घेतला. चौदा महिने एकाच स्टाफरूममध्ये ‘खडू द्या’च्या पलीकडे शब्द नाही. द्वेष मात्र ती रोज सकाळी सड्यासारखा ताजा घालत आली होती.

“ऐका,” चंद्रशेखर सर म्हणाले. कालचं पोरगं, गळ्यात शिट्टी, पण काम समजणारं. “उकिडवं बसा. हनुवटी छातीले. तळवे कानापाशी, बोटं खांद्याकडं. पाठ गोल. जोडीदारानं बाजूले गुडघे टेकायचे, आन् ते मांगं गेले की कंबरेले दोन्ही हात लावून उचलायचं. वजन मानेवर येऊ द्यायचं नाही. आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. मांगं पाह्यचं नाही! मांगं जाणारा माणूस मांगं पाहातोच. पाह्यलं की हनुवटी उठते, डोकं मांगं पडते, सगळा भार मानेवर. गेली मान.”

समताचं बोट त्या पुंजक्यातच राहिलं.

मांगं पाहून पड... हे वाक्य तिचं होतं. तिने त्या दिवशी फोनवर हात दाबून, व्हरांड्यात ओरडून सांगितलं होतं – “राखे, मांगं पाहून पड वं!” किती शहाणपणाचं वाक्य. लहानपणापासून ऐकलेलं, मागे सरायचं तर मागे पाहून, मागे विहीर असेल, बैल असेल, चूल असेल... आणि त्या आज्ञाधारक पोरीने मान मागे टाकून पाहिलं होतं, आणि मग गेली होती. चौकशीत राखी एवढंच म्हणाली, “माह्या चुकीनं पडली मी.” म्हणजे कारण फोन नव्हताच. चौदा महिने मी फोनला शिव्या घातल्या, आईच्या आजाराला घातल्या, सगळ्यात जास्त त्या गोल अक्षराला – आणि पोरीची मान मी मोडली होती, पूर्ण शुद्धीत, माझ्या तोंडाने.

कोणाला माहीत नाही. तिच्या मनात पहिलं जे उठलं ते दुःख नव्हतं, हे होतं – कोणाला माहीत नाही. तिला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेचं खापरही तिने सवयीने मंजुश्रीवरच फोडलं.

शिट्टी वाजली. मंजुश्री ओढणी कमरेला आवळून गादीकडे पाठ करून उकिडवी बसली. समताने बाजूला गुडघे टेकले. इतक्या जवळून तिने ही मान कधी पाहिली नव्हती – गोरी, बारीक, वर दोन पिकले केस. हात जरा उशिरा लावले तर? जरासेच. चूक कोणाचीही होते, लेखी समज काय, एक झाली तिथे दोन. पट्टा घालून फळ्यावर लिहू दे ते मोत्यासारखं अक्षर...

मंजुश्रीची हनुवटी वरच होती. ती हळूच म्हणाली, “मांगं पाहून पडू का, मॅडम?”

टोमणा? आवाजात टोमणा नव्हता. असता तर किती सोपं झालं असतं! ऑफिसच्या खिडकीशी उभी होती ती त्या दिवशी. फोनवरचं बोलणं जिला ऐकू गेलं तिला ते ओरडणं ऐकू गेलं नसेल? ऐकलं होतं. आणि लिहिलं नव्हतं. लहान चूक लिहून मोठी पोटात ठेवली होती... कशासाठी, दया म्हणून? की जपून ठेवली होती, कधीतरी कामी येईल म्हणून? की तिलाही माझ्यासारखंच आत्ता, या पोराच्या तोंडून कळलं?

“सांगा ना,” मंजुश्री म्हणाली. “मले भेव वाटून राह्यलं.”

“हनुवटी छातीले लावा. मांगं नका पाहू,” समता म्हणाली, आणि वर, कोणी विचारलं नसताना, “मी आहो ना.” हे शब्द तोंडातून गेले याचा तिला भयंकर राग आला.

मंजुश्रीने मान खाली घातली, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. कंबर हातात आली, वाटलं होतं त्याहून जड. समताने उचलली. अगदी वेळेवर, अगदी बरोबर. पाय डोक्यावरून गेले आणि मंजुश्री पलीकडे गुडघ्यांवर आली, केस तोंडावर, मान शाबूत.

“आता तुमची पाळी,” ती म्हणाली.

समता गादीकडे पाठ करून बसली. तळवे कानापाशी नेले. बाजूला, जरा मागे, मंजुश्रीने गुडघे टेकले आणि दोन हात तिच्या कमरेजवळ येऊन थांबले. सर ओरडले, “हनुवटी, इंगळे मॅडम, हनुवटी!” हनुवटी खाली जाईना. चौदा महिने जो चेहरा टाळला तो तिला आत्ता पाहायचा होता, नीट, डोळ्यांत डोळे घालून, आणि तो मागे होता.